अनुभव धागा : अलीकडे खेळलेले गेम आणि त्यांनी मागितलेला वेळ

गेमबद्दल लिहिताना ग्राफिक्स, कथा, संगीत, नियंत्रणे असे कप्पे पाडून प्रत्येकाला गुण द्यायची पद्धत रूढ आहे. त्यातून गेम घ्यावा की घेऊ नये हे कळते, पण तो खेळणाऱ्या माणसाचे काय होते हे फारसे कळत नाही. म्हणून या धाग्यावर गुण नकोत. तुम्ही अलीकडे जो गेम पूर्ण केलात किंवा अर्ध्यावर सोडलात, त्याने तुमच्याकडे वेळ कसा मागितला आणि त्या वेळेचे पुढे काय केले, हे लिहावे अशी विनंती आहे. गेम नवाच असावा अशी अट नाही. कथेतील कळीची वळणे मात्र कृपया उघड करू नयेत, कारण काही गेम एकदाच खेळता येतात आणि त्यांचा रसभंग झाला की मागे काहीच उरत नाही.

सुरुवात मीच करतो, आणि ती अशाच एका गेमने करतो. मोबियस डिजिटलचा 2019 सालचा 'आऊटर वाइल्ड्स' मी नुकताच संपवला. आपण एका छोट्याशा सूर्यमालेतील नवखे अंतराळवीर असतो. डुगडुगते यान, प्राचीन लिपी वाचणारे एक यंत्र आणि दूरचे आवाज टिपणारे दुसरे यंत्र अशी मोजकी सामग्री हाताशी असते, आणि 22 मिनिटांनी त्या मालेतील सूर्याचा स्फोट होऊन सगळे नष्ट होते. पुढच्याच क्षणी आपण पुन्हा सुरुवातीच्या शेकोटीजवळ जागे होतो. या चक्रात आपल्याबरोबर पुढे जाते ती केवळ माहिती. यानातील नोंदवहीत आधीच्या फेऱ्यांमध्ये समजलेल्या गोष्टी टिकून राहतात, बाकी सारे पूर्ववत होते. यात शस्त्रे नाहीत, गुण साठवून वाढवायच्या शक्ती नाहीत, यानाला अधिक चांगले इंजिनही बसवता येत नाही. शेवटापर्यंत पोहोचण्यासाठी जे लागते ते जवळजवळ सुरुवातीपासून आपल्यापाशी असते; ते कुठे आणि कधी वापरायचे हे तेवढे ठाऊक नसते.

ही सूर्यमाला आपल्यासाठी थांबत नाही, आणि मला ती आवडण्याचे मुख्य कारण तेच आहे. ॲश ट्विन या ग्रहावरची वाळू त्याच्या जुळ्या एम्बर ट्विनवर अखंड ओतली जात असते, त्यामुळे एकीकडच्या गुहा हळूहळू बुजत जातात आणि दुसरीकडे गाडलेले मनोरे उघडे पडत जातात. ब्रिटल हॉलो या पोकळ ग्रहाच्या पोटात कृष्णविवर आहे, आणि त्याच्या ज्वालामुखी चंद्रावरून येणाऱ्या तप्त गोळ्यांच्या माऱ्याने कवचाचे तुकडे सुटून त्यात पडत राहतात. त्यामुळे कुठे जायचे याइतकाच कधी जायचे हाही प्रश्न सोडवावा लागतो. प्रत्येक फेरीला एकच प्रश्न घेऊन निघायचे आणि उत्तर मिळो न मिळो, स्फोट झाला की शांतपणे पुढचा प्रश्न निवडायचा, ही शिस्त मला या गेमने लावली. एका बाबतीत मात्र माझे त्याच्याशी पटले नाही. उत्तर पूर्णपणे कळल्यावरही विशिष्ट क्षण येईपर्यंत काही ठिकाणी वाट पाहावी लागते. शेकोटीजवळ डुलकी काढून वेळ पुढे नेण्याची सोय आहे, पण विचार संपलेला असताना केवळ उड्डाणाची उजळणी करावी लागणे मला खटकले.

आता तुमचे अनुभव येऊ द्यात.

*

आपण ज्या गेमची शिफारस करत आहात तो मी अर्ध्यातही पोहोचण्याआधी सोडून दिला, आणि त्यात गेमचा काही दोष नाही. प्रथमपुरुषी दृष्टिकोनातून खेळल्या जाणाऱ्या गेममध्ये मला मळमळते. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, आणि या विसंगतीचा त्रास काहींना अधिक होतो. 'आऊटर वाइल्ड्स'मध्ये तर वर-खाली हा भेदच दर मिनिटाला बदलतो. अशाच त्रासामुळे जे गेमपासून दूर राहतात त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाचे सार सांगते : दृश्यकोन वाढवून पाहावा, मोशन ब्लर (हालचालीत चित्र धूसर दाखवणे) आणि कॅमेऱ्याचे हेलकावे बंद करावेत, पडद्याच्या मध्यभागी स्थिर ठिपका ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी, आणि पहिली लक्षणे दिसताच उठावे. थोडे सहन करून पुढे खेळत राहिल्याने सवय होते हा सल्ला मला तरी कधीच लागू पडला नाही. इतर काही गेम या उपायांनी साध्य झाले. हा झाला नाही.

*

मी 'एल्डन रिंग'बद्दल लिहितो. फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा गेम फेब्रुवारी 2022 मध्ये आला, त्याचे दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे आहे आणि त्यातील जगाची पुराणकथा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिली आहे. या गेममध्ये काठिण्यपातळी निवडण्याची सोय नाही आणि खेळ जागच्या जागी थांबवण्याचे साधे बटणही नाही. दाराची घंटा वाजली तर समोरच्या राक्षसाला ते सांगण्याची सोय नाही! मेल्यावर साठवलेले रून्स (या गेममधील कमाई) मृत्यूच्या जागी पडून राहतात, आणि तिथे परत पोहोचण्याआधी पुन्हा मेलो तर ते कायमचे जातात. वेळेच्या दृष्टीने पाहिले तर यापेक्षा उधळा गेम शोधणे कठीण आहे.

तरीही मी त्यात रमलो, आणि का रमलो याचा विचार केल्यावर जे सुचले ते असे. पुढे जाता येत नाही तेव्हा हा गेम तुम्हाला तिथेच डोके आपटत बसायला लावत नाही. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारात उभा असलेला मार्गिट हा अनेकांचा पहिला मोठा अडथळा; पण त्याच्याशी न लढता किल्ल्याला वळसा घालून पुढच्या सरोवरप्रदेशात जाण्याची वाट आहे. ती कुणी सांगत नाही, सापडावी लागते. नकाशासुद्धा आपण फिरू तसतसा पसरत जातो, त्यामुळे हे जग किती मोठे आहे याचा अंदाज बराच काळ चुकत राहतो. एका पडक्या वास्तूतील पेटी उघडल्यावर मी थेट नकाशाच्या दूरच्या, कितीतरी धोकादायक भागातल्या खाणीत जाऊन पडलो. इतर कुठल्याही गेममध्ये याला मी अन्याय म्हटले असते. इथे त्या खाणीतून बाहेर पडून लाल आकाश पाहिल्यावर, आपण इथे पुढे कधीतरी सज्ज होऊन येणार आहोत, ही जाणीव फार सुखद वाटली.

बॉसशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूशी, लढताना जे घडते त्याला मी सराव म्हणेन. पहिल्या काही वेळा तर तो नेमके काय करतो तेही दिसत नाही. मग त्याने हात उगारला आणि तो खाली आणला यांच्या मधला विलंब दिसू लागतो, मग त्या विलंबात काय करता येईल ते सुचते, आणि शेवटी आपण त्याच्याकडे न पाहताही वेळेवर बाजूला होतो. उत्तरार्धातील काही लढती मात्र मला या नियमाला धरून वाटल्या नाहीत. तिथे वाराच इतका लांबवलेला आणि फसवा असतो की शत्रूचे निरीक्षण करण्याऐवजी रचनाकाराच्या खोड्या पाठ कराव्या लागतात. 2024 साली आलेल्या 'शॅडो ऑफ द एर्डट्री' या विस्तारात हे अधिकच जाणवले, आणि तो मी पूर्ण केला नाही.

*

वरील अनुभव मन लावून वाचला, पण त्यातील एका गृहीतकाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. सरावाने हात वेगवान होतात हे सर्वांच्या बाबतीत खरे नसते. माझ्या बोटांच्या सांध्यांना जुना आजार आहे. वाराआधीचा विलंब मला दिसतो, त्यात काय करावे हेही कळते, पण बोट वेळेवर पोहोचत नाही. त्यामुळे काठिण्यपातळी बदलता येणे म्हणजे गेमची धार बोथट करणे, हा वारंवार होणारा युक्तिवाद मला दुरूनच ऐकावा लागतो.

मी नुकताच 'सेलेस्ट' खेळले. 2018 सालचा हा गेम उड्या मारत डोंगर चढण्याचा आहे आणि तो अतिशय कठीण आहे. त्यात साहाय्यासाठी वेगळी सोय आहे : खेळाचा वेग टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत कमी करता येतो, चढताना दमणे बंद करता येते, हवेतल्या झेपांची संख्या वाढवता येते, आणि हवे असल्यास मरणच टाळता येते. मी वेग तेवढा कमी केला आणि बाकी सारे तसेच ठेवले. त्यानंतर मला जो गेम मिळाला तो कोडे म्हणून तितकाच अवघड होता. प्रत्येक खोलीत कुठून निघायचे, कुठल्या भिंतीवर किती टिकायचे, झेप कुठल्या दिशेने घ्यायची, याचा विचार मलाच करावा लागला, आणि मरणेही भरपूर झाले. पण मेल्यावर क्षणात त्याच खोलीच्या सुरुवातीला उभे राहता येते, म्हणून वेळ वाया गेल्याची भावना येत नाही. एक बारकावा पुढे वाचनात आला आणि गंमत वाटली : कड्यावरून पाय सुटल्यानंतरही अगदी थोडा काळ उडी मान्य केली जाते. म्हणजे साहाय्याची सोय बंद ठेवून खेळणाऱ्यांनाही हा गेम गुपचूप सांभाळूनच घेत असतो.

पाताळातून निसटण्याच्या 'हेडीस' या गेमने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. त्यातील गॉड मोड सुरू केल्यास सुरुवातीला 20 टक्के इजा कमी होते आणि प्रत्येक मृत्यूनंतर त्यात 2 टक्क्यांची भर पडत 80 टक्क्यांपर्यंत जाता येते. शिवाय मेल्यावर पाताळातील घरी परतताच पात्रे काहीतरी नवे बोलतात, कथा पुढे सरकते, त्यामुळे हरण्यात गेलेला वेळही कथेच्या खात्यात जमा होतो. 'द लास्ट ऑफ अस भाग 2'मध्ये 2020 सालीच अशा 60 हून अधिक सोयी दिलेल्या होत्या. ज्यांना त्यांची गरज नाही त्यांना त्या दिसल्याही नसतील.

*

माझा अनुभव थोडक्यात. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेती करण्याचा गेम विश्रांतीचा म्हणून सर्वत्र सुचवला जातो, आणि मला त्याने दमवले. त्यातील दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दोनला संपतो, म्हणजे आपल्या घड्याळाची सुमारे 14 मिनिटे. ऋतू 28 दिवसांचा. ऋतू संपला की त्या ऋतूतली बहुतेक पिके शेतातच वाळतात. एरिक बरोन यांनी एकट्याने अनेक वर्षे खपून हे सारे उभे केले याबद्दल आदर आहेच, पण माझ्यासारख्या हिशेबी माणसाच्या हाती तो गेम पडला की पाणी घालणे, खाण, मासेमारी आणि वाढदिवसांच्या भेटी यांचे वेळापत्रकच तयार होते. दिवस झोपल्यावरच सेव्ह होतो, म्हणून आणखी एक दिवस असे करत मध्यरात्र उलटते. माझी पत्नी तोच गेम खेळताना दिवसभर फक्त नदीकाठी फिरते आणि तिला काहीही कमी पडत नाही. तेव्हा दोष बहुधा गेमकडे नसावा.

*

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा गेम मला इतका आवडला की त्याबद्दल कमी लिहिणे हेच त्याला न्याय देणे होईल, तरीही मोह आवरत नाही. लुकास पोप यांनी 2018 साली तो प्रकाशित केला. 1802 मध्ये निघालेले आणि बेपत्ता झालेले एक व्यापारी जहाज 1807 मध्ये ओसाड अवस्थेत बंदराशी येते, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा खात्याचे निरीक्षक म्हणून आपण त्यावर चढतो. जहाजावरील 60 जणांपैकी प्रत्येकाचे नाव आणि त्याचे काय झाले हे शोधायचे. मृतदेहाजवळ आपल्याकडचे जादुई घड्याळ उघडले की आधी अंधारात त्या माणसाच्या अखेरच्या क्षणांचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेला समोर उभा राहतो. त्या गोठलेल्या दृश्यात आपण हवे तितके फिरावे. घाई नाही, शत्रू नाही, गुण वजा होत नाहीत.

गेममध्ये सगळे कौशल्य नुसत्या पाहण्याचे आहे. कोणाच्या अंगावर कोणता गणवेश आहे, कोण कोणत्या भाषेत ओरडतो, कोण कोणाबरोबर पत्ते खेळताना दिसतो, यावरून माणसे ओळखायची. खलाशांमध्ये भारतीयही आहेत, आणि त्यांची नावे निश्चित करताना मी जरा अधिकच चिकाटी दाखवली हे मान्य करते. चित्रे दोनच रंगछटांत, जुन्या मॅकिंटॉश संगणकांच्या धाटणीची. सुरुवातीला डोळ्यांना ती खुपतात, नंतर रेषेरेषेत अर्थ दिसू लागतो.

उत्तरे तपासण्याची रीत तर मला अत्यंत हुशारीची वाटली. तीन जणांबद्दलचे उत्तर अचूक झाले तरच गेम ते पक्के करतो. एकाच उत्तराची खात्री मिळत असती तर लोकांनी यादीतील नावे एकामागून एक घालून पाहिली असती. तीनची अट असल्यामुळे अंदाजाने चालवणे महाग पडते, पण अगदी अशक्यही होत नाही, आणि दोन गोष्टींची खात्री असताना तिसऱ्या जागी तर्काची पैज लावता येते. गेम संपल्यावर लगेच पुन्हा सुरू केला, आणि सगळी उत्तरे ठाऊक असल्यामुळे काही मिनिटांतच बंद केला. काही गेम एकदाच खेळता येतात असे धागाकर्त्यांनी सुरुवातीला जे म्हटले आहे ते या गेमला तंतोतंत लागू पडते.

*

इथे सगळे सशुल्क, संपणाऱ्या गेमबद्दल लिहीत आहेत, म्हणून मी मोबाइलवरील एका फुकट गेमबद्दल लिहितो. नाव घेण्याची आवश्यकता नाही, कारण अशा बहुतेक गेमची रचना सारखीच असते. रोज हजेरी लावली की बक्षीस, सलग हजेरीचे बक्षीस वाढत जाणार, एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. ठरावीक वेळाने भरणारी ऊर्जा, ती भरून वाहू लागली की वाया जाणार. आणि काही आठवड्यांचा सीझन, ज्यातील वस्तू पुन्हा मिळणार नाहीत. खेळण्याची इच्छा संपल्यानंतरही मी कितीतरी महिने तो गेम रोज उघडत होतो, कारण उघडला नाही तर काहीतरी बुडेल असे वाटे. वर 'एल्डन रिंग'मध्ये रून्स हरवण्याबद्दल लिहिले आहे. ती हानी निदान खेळताना होते. इथे ती न खेळल्यामुळे होते. शेवटी मोबाइल बदलला तेव्हा तो गेम नव्या यंत्रावर घेतला नाही, आणि बुडाले काहीच नाही.

*

'रेड डेड रिडेम्प्शन 2' (2018) मी उशिरा का होईना पूर्ण केला. 1899 सालच्या अमेरिकेतील, मोडकळीस आलेल्या एका टोळीची ही कथा आहे. या गेमने वेळ मागितला तो फार विचित्र रीतीने : कपाटाचा प्रत्येक खण हाताने उघडावा लागतो, शिकारीचे कातडे सोलताना पूर्ण कृती पाहावी लागते, घोड्याला खरारा करावा लागतो, आणि तळावर नायक आर्थर मॉर्गनला धावताही येत नाही. पहिल्या काही तासांत मला हे असह्य झाले होते. पण या मंद गतीमुळेच घोड्यावर शेजारी चालणाऱ्या माणसाचे बोलणे पूर्ण ऐकले जाते आणि त्या टोळीतील माणसे ओळखीची होतात. उत्तरार्धात जे घडते त्याचे ओझे जाणवते ते या ओळखीमुळे.

एक विसंगती मात्र शेवटपर्यंत सलत राहिली. एरवी हे जग कुठेही जाऊ देते, आणि कथेतील मोहीम सुरू झाली की दहा पावले बाजूला गेल्यास मोहीम फसल्याचे जाहीर करते. एवढे मोकळे रान उभे करायचे आणि ऐन महत्त्वाच्या वेळी हात धरून चालवायचे, हे मला पटले नाही.

*

मी गेम खेळणारी नाही. धाग्यावर लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही हेही ठाऊक नाही, पण यजमानांच्या आग्रहाखातर 'इट टेक्स टू' त्यांच्याबरोबर पूर्ण खेळले, तेव्हा लिहिते. 2021 सालचा हा गेम एकट्याने खेळताच येत नाही. दोन माणसे लागतातच. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेले मे आणि कोडी हे जोडपे आपल्या मुलीच्या बाहुल्यांच्या रूपात अडकते, आणि पुन्हा माणूस होण्यासाठी त्यांना पावलोपावली एकमेकांची मदत घ्यावी लागते. एका भागात एकाकडे खिळे आणि दुसरीकडे हातोडी. पुढे एकाकडे काळ मागे-पुढे करण्याची शक्ती आणि दुसरीला आपलीच प्रतिकृती उभी करता येते. प्रत्येक भागात नवे साधन येते, त्यामुळे नवख्या माणसाला एक सोय होते : शेजारी बसलेल्या अनुभवी खेळाडूलाही ते साधन तितकेच नवे असते.

मला खरी अडचण आली ती वेगळीच, आणि वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांच्या ती लक्षातही येत नाही. डाव्या अंगठ्याने चालायचे आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने नजर फिरवायची, हे मुळीच स्वाभाविक नाही. सायकल शिकताना तोल आणि पायडल यांची जी फारकत होते तशीच ही होते. पहिले काही दिवस मी चालत असे, मग थांबून इकडेतिकडे पाहत असे, मग पुन्हा चालत असे. आणि पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात हे काही न बोलता वाट पाहत उभे असत. गेममधील उपदेश करणारे बोलके पुस्तक मला कंटाळवाणे वाटले, आणि हत्तीच्या खेळण्याचा प्रसंग तर उगाच क्रूर वाटला. पण तो वेळ दोघांनी एकाच गोष्टीकडे पाहण्यात गेला, एरवी दोघे आपापल्या पडद्याकडे पाहत असतो. आता 'स्प्लिट फिक्शन' आणला आहे. तो त्याच चमूचा 2025 सालचा गेम असून तुलनेने वेगवान आहे असे ऐकते.

*

आपण 'गेम खेळणारी नाही' असे म्हणता, पण दोन अंगठ्यांबद्दल जे लिहिले आहे ते कुठल्याही परीक्षणात माझ्या वाचनात आलेले नाही. कृपया 'स्प्लिट फिक्शन'बद्दलही लिहावे.

*

'बलाट्रो' हा पत्त्यांचा गेम : फेब्रुवारी 2024, एका व्यक्तीची निर्मिती, 150 जोकर (खास पाने). पोकरमधले 'हात', म्हणजे पत्त्यांच्या जुळण्या, लावून गुण मिळवायचे, आणि जोकर ते गुण कसे वाढवतील याची जुळणी करत आठ टप्पे पार करायचे. पैसा लावण्याचा इथे काहीही संबंध नाही, तरी पत्त्यांच्या या रूपामुळे युरोपातील वयोमानांकनात त्याला आधी 18 वर्षांवरील ठरवले गेले आणि नंतर ते 12 वर आणले गेले. फेरी छोटी असते म्हणून हा गेम वेळ कमी मागतो असे वाटते. वाटते तेवढेच. लांबलचक गेम सेव्ह करून उठता येते. इथे हरल्याबरोबर नवी फेरी एका बटणावर उभी असते आणि मागच्या फेरीत कुठला जोकर विकायला नको होता हे नेमके त्याच क्षणी कळते.

*

धाग्याचा विषय वेळ असल्यामुळे 'डिस्को एलिझियम'चा उल्लेख व्हायलाच हवा. झाऊमचा हा 2019 सालचा गेम म्हणजे स्मृती हरवलेल्या एका मद्यपी पोलिसाने करायचा खुनाचा तपास. यातील घड्याळ फक्त संवादात आणि वाचनात पुढे सरकते. शहरभर कितीही पायपीट केली तरी मिनिटकाटा हलत नाही. वेळ खर्च होतो तो माणसांशी बोलण्यात. हे कळल्यावर मी कोणाशी काय बोलायचे हे जपून ठरवू लागलो, आणि थोड्याच दिवसांत ते जपणे सोडूनही दिले, कारण मुदतीची घाई तशी फारशी नसतेच.

नायकाची 24 कौशल्ये ही त्याच्या डोक्यातील 24 बोलके आवाज आहेत. तर्क एक सांगतो, कल्पनाशक्ती भलतेच काही सुचवते, अधिकाराची भावना मध्येच ओरडते, आणि यांपैकी कोणीही खात्रीने खरे बोलत असते असे नाही. एखादे कौशल्य फार वाढवले तर तो आवाज इतरांना बोलू देत नाही. महत्त्वाच्या ठिकाणी दोन फासे पडतात. काही प्रयत्न कौशल्य वाढवून पुन्हा करता येतात, काही एकदाच. पण फासे उलटे पडले की पुढे जे घडते ते बहुधा यशापेक्षा अधिक वाचनीय असते, त्यामुळे सेव्ह परत लोड करण्याची माझी जुनी सवय इथे सुटली. अर्थात शरीर दुबळे ठेवून खेळ सुरू केला तर पहिल्याच खोलीत पंख्यावरची नेकटाय काढताना नायक मरू शकतो, तेव्हा लोड करण्यावाचून गत्यंतर नाही. गेममध्ये वाचायचे प्रचंड आहे. दमलेल्या रात्री हा गेम हाती घेऊ नये, ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात. सहकारी किम कित्सुरागी याच्या एका भुवईच्या हालचालीसाठी मी कितीतरी मूर्खपणाची उत्तरे निवडायची टाळली, हे येथे नोंदवून ठेवतो.

*

'ब्लू प्रिन्स'बद्दल (एप्रिल 2025) माझे मत विभागलेले आहे. 45 खोल्यांच्या हवेलीत 46वी खोली शोधायची. प्रत्येक दार उघडताना तीन खोल्यांपैकी एक निवडून हवेलीचा आराखडा आपणच रचायचा. पावले मोजकी, आणि दिवस संपला की आराखडा पुसला जातो. कोडी अप्रतिम आहेत, मी त्यांच्यासाठी कागदाची वही घेतली आणि ती जवळजवळ भरली. पण 'आऊटर वाइल्ड्स'मध्ये उत्तर कळले की ते अमलात आणणे आपल्या हाती असते, तर इथे उत्तर कळूनही योग्य त्या खोल्या योग्य क्रमाने समोर येईपर्यंत दिवसामागून दिवस घालवावे लागतात. 46वी खोली सापडेपर्यंत मला हे चालले, कारण प्रत्येक अपयशी दिवसात दुसरे काहीतरी हाती लागत होते. त्यानंतरही गेममध्ये पुष्कळ दडलेले आहे, पण तिथे नशिबाचा वाटा मला जड झाला आणि उरलेली रहस्ये मी दुसऱ्यांच्या लेखनातून वाचून घेतली.

*

शेवटी लिहिणाऱ्याने वरचे सगळे वाचलेले असते हा एक फायदा. माझा गेम 'फॅक्टोरिओ'. 2020 साली त्याची पूर्ण आवृत्ती आली, 2024 साली 'स्पेस एज' हा विस्तार आला, आणि मी सध्या त्या विस्तारात आहे. परग्रहावर कोसळलेला अभियंता हाताने दगड फोडण्यापासून सुरुवात करतो आणि सरकते पट्टे, यांत्रिक हात व भट्ट्या जोडत जोडत रॉकेट बनवणारा कारखाना उभारतो. साधा पिवळा पट्टा सेकंदाला 15 वस्तू वाहतो. हा आकडा एकदा मनात बसला की सगळा गेम भागाकार आणि गुणाकार होऊन जातो : इतके तांबे हवे तर इतक्या भट्ट्या, इतक्या भट्ट्यांना इतका कोळसा, आणि तो आणायला आणखी एक पट्टा. कुठेतरी काहीतरी तुंबते, ते मोकळे केले की तुंबण्याची जागा पुढे सरकते.

'स्टारड्यू व्हॅली'ने दमलेल्या सदस्यांना माझा सल्ला असा की हा गेम त्यांच्याच स्वभावाचा आहे, आणि इथे ऋतू बदलत नाहीत. प्रदूषण पसरले की स्थानिक कीटक कारखान्यावर चालून येतात खरे, पण नवा खेळ सुरू करतानाच त्यांचा उपद्रव बंद करता येतो, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याने तो खुशाल बंद करावा. 'स्पेस एज' मात्र मूळ गेममध्ये रॉकेट सोडून झाल्यावरच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील नव्या ग्रहांवर मूळ गेमचे नियम मुद्दाम उलटे केलेले आहेत. एका ग्रहावर लोखंड खाणीतून न निघता लाव्ह्यातून ओतले जाते, दुसऱ्यावर कच्चा मालच काही वेळाने नासतो. मूळ नियम अंगवळणी पडलेले नसतील तर त्या उलटापालटीतील गंमत समजणार नाही, गोंधळ तेवढा हाती येईल. नासणाऱ्या मालाच्या ग्रहावर मी सध्या अडकलो आहे. तिथे पट्टा भरलेला असणे, जी आजवर समाधानाची गोष्ट होती, तीच संकटाची खूण ठरते. माल अडवून ठेवायचा नाही, वाहता ठेवायचा आणि उरलेला जाळून टाकायचा. कोणी तिथून पुढे गेले असेल तर पट्ट्याच्या टोकाला भट्टी कशी जोडली हे कृपया सांगावे, उत्तराची वाट पाहतो.